समर सायन्स प्रोग्राम: लघुग्रहाच्या मागावर एक उन्हाळा

उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत उन्हाळी निवासी विज्ञान शिबिरे पुष्कळ आहेत. पण १९५९ साली कॅलिफोर्नियातील ओहाय येथे थॅचर स्कूलमध्ये सुरू झालेल्या 'समर सायन्स प्रोग्राम'चा खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम मला त्यांत सर्वांत कसदार वाटतो. तीन-तीन विद्यार्थ्यांचा गट पृथ्वीजवळून जाणाऱ्या एका लघुग्रहाची रात्री दुर्बिणीतून छायाचित्रे घेतो, मागच्या ताऱ्यांच्या ज्ञात स्थानांवरून त्याचे स्थान मोजतो आणि जर्मन गणितज्ञ गाउसच्या पद्धतीने कक्षा काढणारा संगणकाचा प्रोग्राम स्वतः लिहितो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झीने शोधलेला सेरेस हा लघुग्रह सूर्याच्या तेजात दिसेनासा झाल्यावर तो पुन्हा कुठे सापडेल, हे गाउसने १८०१ मध्ये याच मार्गाने सांगितले होते. आकाश ढगाळले की निरीक्षण बुडते, आणि मोजक्याच नोंदींवरून काढलेली कक्षा किती भरवशाची मानायची हा प्रश्न मुलांना स्वतः सोडवावा लागतो. हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. शेवटी ही निरीक्षणे लघुग्रहांच्या जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, म्हणजे काम वहीत पडून राहत नाही.

व्याख्यानांचा वेग मात्र जबर आहे, त्यामुळे गणिताचा पाया कच्चा असेल तर दमछाक ठरलेलीच. केवळ महाविद्यालयीन प्रवेशासाठी प्रमाणपत्र हवे असलेल्यांनी इकडे वळू नये. शुल्क भारी असले तरी कुटुंबाच्या ऐपतीनुसार आर्थिक मदत मिळते, तेव्हा निव्वळ आकडा पाहून अर्ज टाळू नये. आकाशापेक्षा प्रयोगशाळेची ओढ असणाऱ्यांसाठी जैवरसायनशास्त्राचा अभ्यासक्रमही आहे.