काळं एक्स-१५ की पांढरं एक्स-१५ए-२? मॉडेल निवडण्याआधी

एक्स-१५ या अमेरिकी रॉकेट विमानाचं मॉडेल बनवायचं मनात आलं की बहुतेक जण आधी किट मागवतात आणि मग बॉक्सवरच्या चित्राबरहुकूम रंग शोधायला लागतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी तारीख ठरवा. जून १९५९ ते ऑक्टोबर १९६८ या काळात या रॉकेट विमानांनी १९९ उड्डाणं केली. विमानं तीनच, पण ती सतत बदलत राहिली. इंजिन बदललं, नाक बदललं, एकाची तर लांबीच वाढली. तारीख पक्की झाली की इंजिन कोणतं, रंग कोणता, पोटाखाली काय लटकतंय, चाक खाली की वर, हे सगळं तिच्या मागोमाग ठरत जातं.

तारखा पुष्कळ असल्या तरी खरी निवड दोघांतच होते. एक, १९६० ते ६५ च्या आसपासचं मूळ लांबीचं काळं विमान. दुसरं, ऑक्टोबर १९६७ मधलं पांढरं ए-२.

काळ्याच्या बाजूने नावं मोठी आहेत. २२ ऑगस्ट १९६३ रोजी जो वॉकरने तिसरं विमान ३,५४,२०० फुटांवर, म्हणजे जवळपास १०८ किलोमीटर उंचीवर नेलं. नील आर्मस्ट्राँगने एक्स-१५ सात वेळा उडवलं, तेही याच मूळ लांबीच्या विमानांत. पांढऱ्याचा इतिहास मात्र जास्त नाट्यमय आहे. दुसरं विमान ९ नोव्हेंबर १९६२ ला नेवाडातल्या मड लेकवर उतरताना उलटलं आणि वैमानिक जॅक मॅके जखमी झाला. दुरुस्त करताना धडात २८ इंचांची भर घातली, बाहेरून दोन मोठ्या टाक्या लावायची सोय केली आणि त्याला ए-२ म्हणायला लागले. ३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइटने ते ताशी ४,५२० मैल, म्हणजे माक ६.७ (ध्वनीच्या वेगाच्या ६.७ पट) पर्यंत पळवलं.

ही २८ इंचांची भर मॉडेलमध्येही चांगलीच जाणवते: १/७२ मापात (मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाच्या मॉडेलमध्ये) सुमारे एक सेंटीमीटर, १/४८ मध्ये दीड, १/३२ मध्ये सव्वादोन. त्यामुळे ए-२ चं किट आणून त्यातून वॉकरचं विमान काढू, असा बेत असेल तर धड कापायची तयारी ठेवा. बॉक्सवर ‘ए-२’ आहे की नाही, हे मागवण्याआधी नीट वाचा.

रंगावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन, कारण दोन्ही विमानं तिथेच जमतात किंवा फसतात.

काळ्याचं बाह्य आवरण इन्कोनेल एक्स या निकेलच्या मिश्रधातूचं. त्यावरचा काळा थर उष्णता बाहेर टाकण्यासाठी होता, शोभेसाठी नव्हे. तापून तापून त्यावर निळसर, तपकिरी छटा येत. म्हणून डबीतला चकचकीत काळा सरळ फवारला तर मॉडेल खेळणं वाटतं. त्याऐवजी अगदी गडद राखाडी बेस घ्या. नाक, पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा इथे जळक्या लोखंडाचा मेटॅलिक रंग खूप पातळ करून एअरब्रशने दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हातानंतर थांबून बघा. दिव्याखाली मॉडेल फिरवलं की छटा दिसली पाहिजे, सरळ बघताना दिसता कामा नये. काळ्याची दुसरी अडचण डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राक्षरांची. इशाऱ्यांची बारीक अक्षरं अंगभर आहेत, आणि काळ्यावर डिकलखाली हवा राहिली तर ती चांदीसारखी चमकते. आधी ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर), मग डिकल सॉफ्टनर आणि सुईने एकेक बुडबुडा फोडत बसणं, याला पर्याय नाही. सांध्यातला प्रत्येक ओरखडाही काळ्यावर उठून दिसतो.

पांढऱ्याचा प्रश्नच वेगळा. त्या वेगाला इन्कोनेलचाही निभाव लागणार नव्हता, म्हणून विमानावर जळून झिजणारा एक लेप चढवला. तो गुलाबी होता. द्रव ऑक्सिजनशी संबंध आला तर तो धोकादायक ठरत असे, म्हणून त्यावर पांढरा थर दिला. मॉडेल बनवणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची: या लेपाखाली पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) जवळजवळ बुजल्या होत्या. किटवर कोरलेल्या रेषा पातळ पुट्टीने किंवा जाड प्रायमरने भरून घ्या आणि काळा वॉश (रेषा उठवणारा पातळ रंग) अजिबात मारू नका. सुंदर वॉश मारलेली पांढरी ए-२ मॉडेलं खूप बघायला मिळतात आणि मला ती सगळी चुकीची वाटतात. आणखी एक बारीक गोष्ट डाव्या काचेची. नाकावरचा लेप जळून काचा धुरकटतील या भीतीने डाव्या काचेवर पापणीसारखं झाकण बसवलं होतं आणि ते उतरताना उघडायचं होतं. उड्डाणातलं विमान दाखवणार असाल तर डावं झाकण बंद हवं.

पांढरा रंग झाकायला कमी पडतो, पिवळट पडतो, धुळीचा कण धरतो. त्यात पावसाळ्यात मुंबईला किंवा कोकणात लॅकर फवारला तर दमटपणामुळे त्यावर दुधाळ साय येते. काळ्यावर ती लगेच दिसते आणि दुरुस्त करता येते. पांढऱ्यावर मात्र चमक गेल्याचं क्लिअर सुकल्यावरच कळतं. पांढरं विमान ऑक्टोबरनंतरच हाती घ्या.

आता मांडणी. एक्स-१५ ला मागे चाकं नव्हती, दोन स्किड, म्हणजे घसरपट्ट्या, होत्या. खालचं शेपटीचं पान इतकं खोल होतं की ते लावून उतरताच येत नसे. म्हणून उतरण्याआधी त्याचा खालचा भाग सोडून देत. याचा अर्थ, स्किड खाली काढून जमिनीवर उभं करायचं असेल तर हा भाग लावायचा नाही. तो हवाच असेल तर विमान स्टँडवर उड्डाणात दाखवा किंवा ट्रॉलीवर ठेवा. काळ्याला हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. स्किड अगदी मागे असल्याने नाकात वजनही भरावं लागत नाही. उड्डाणात दाखवलंत तर आणखी एक संधी मिळते: कॉकपिटमागच्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीची भिंत म्हणजेच विमानाचं आवरण, त्यामुळे ते ज्या बी-५२ बॉम्बरखालून हवेत सोडत, त्याखाली लटकलेलं असताना तिथे दहिवराचा पांढरा पट्टा दिसे. काळ्यावर तो पट्टा फार देखणा दिसतो.

पांढऱ्यात मात्र जपून पावलं टाका. टाक्या सुमारे माक २ ला सोडून दिल्या जात, त्यामुळे टाक्या आणि उघड्या स्किड एकत्र दाखवणं चूक. ऑक्सिजनची टाकी डावीकडे, अमोनियाची उजवीकडे. शेपटीखाली रॅमजेट या जेट इंजिनाच्या प्रकाराची प्रतिकृती टांगलेली होती आणि ३ ऑक्टोबरच्या उड्डाणात आघात-लहरींच्या उष्णतेने तिचा आधारच जळून ती गळून पडली. त्यामुळे उतरल्यानंतरचं ए-२ दाखवायचं तर टाक्या नाहीत, रॅमजेट नाही, शेपटीखालचा भाग भाजलेला आणि पांढरा रंग करपलेला. हे जमलं तर कपाटातली बाकी मॉडेलं फिकी पडतील, पण ते जमवायला अनुभव लागतो.

इंजिनाबाबत थोडक्यात: सुरुवातीच्या उड्डाणांत मागे दोन एक्सएलआर-११, म्हणजे एकूण आठ लहान नळ्या दिसतात. नोव्हेंबर १९६० पासून एक्सएलआर-९९ ची एकच मोठी तोटी येऊ लागली. वॉकरच्या १९६३ च्या विमानाला आठ नळ्या लावू नका. आणि उभ्या शेपटीची मागची कड मुद्दाम जाड, पाचरीसारखी आहे. सवयीने ती घासून धारदार करू नका.

आकाराचं म्हणाल तर मूळ विमान १/७२ मध्ये साडेएकवीस सेंटीमीटर, १/४८ मध्ये बत्तीस, १/३२ मध्ये अठ्ठेचाळीस. १/७२ मध्ये मोनोग्रामचा १९८० च्या दशकातला साचा आहे. १/४८ आणि १/३२ मध्ये स्पेशल हॉबी आहे, आणि त्यांच्या किटमध्ये भाग जुळवून, घासून, पुन्हा जुळवून बघावे लागतात. १/३२ मध्ये कॉकपिट भरायला मजा येते, पण काळ्या रंगाच्या छटा इतक्या मोठ्या पृष्ठभागावर सारख्या ठेवणं अवघड. मी १/४८ च घेईन.

एअरब्रश हाताशी आहे पण रॉकेट विमान पहिलंच, तर वॉकरचं काळं तिसरं विमान, स्किड खाली, खालचं पान न लावता. पाच-सहा किट पूर्ण झाली असतील आणि पांढऱ्या रंगाची भीती गेली असेल, तर ३ ऑक्टोबरचं ए-२, स्टँडवर, टाक्यांसह.

संदर्भासाठी नासाची जुनी छायाचित्रं सर्वांना खुली आहेत. पहिलं विमान वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. तिसरं १५ नोव्हेंबर १९६७ च्या अपघातात, मायकेल अॅडम्ससह, नष्ट झालं, त्यामुळे वॉकरच्या विमानासाठी छायाचित्रांवरच भिस्त. ए-२ ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तिकडे कुणी नातलग असतील तर स्किड आणि काचांचे जवळून फोटो जरूर मागवा. फक्त ते विमान आज काळं ठेवलेलं आहे. पांढऱ्या रंगासाठी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावरचे १९६७ चे रंगीत फोटोच समोर ठेवा.