शून्य टीडीएसच्या नावाखाली विकलेलं पाणी

कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलं की खापर ठरलेलं: माशांना खाणं जास्त होतंय, नाहीतर दिवे जास्त वेळ लागतायत. माझ्या विक्रेत्यानेही तेच ऐकवलं आणि वर एक औषधाची बाटली गळ्यात मारली. शेवाळाचं खत मात्र कॅनमधून तोच विकत होता.

कॅनवर चिठ्ठी होती, 'आरओ-डीआय, टीडीएस शून्य', म्हणजे आरओ पडद्यातून आणि मग क्षार टिपणाऱ्या डीआय रेझिनमधून गाळलेलं, विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्य असलेलं पाणी. टाकीतलं पाणी रोज उडतं, क्षार मागेच राहतात. म्हणून वरून घालायचं पाणी निखळ लागतं. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असेल तर दर भरीला ते टाकीत साचत जातं. आधी वाळूवर तपकिरी थर धरला, म्हणजे सिलिकेटवर पोसणारं डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. मग खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ, टूथब्रशने घासलं तरी चार दिवसांत पुन्हा तेवढंच.

पाण्याची तपासणी तो फुकट करून द्यायचा आणि फॉस्फेट दरवेळी शून्य! यातली मेख अशी की वाढतं शेवाळ फॉस्फेट शोषून घेतं, त्यामुळे भरपूर येत असलं तरी पाण्यात कमीच दिसतं. "पाणी चोख आहे, आता औषधच हवं," हे त्याला आयतंच मिळालं. बाटलीवर घटक नाहीत, नुसतं 'नैसर्गिक जिवाणू'. तिने टाकीतला लाल बुळबुळीत थर दोन दिवसांत नाहीसा झाला, केसाळ शेवाळ जागचं हललं नाही. लाल थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे जिवाणूंचा असतो आणि तो एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने असाच झटकन जातो. 'नैसर्गिक' शब्दावरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

शेवटी सीलबंद कॅन त्याच्यासमोर फोडून टीडीएस मीटर बुडवला. आकडा १८०. तर म्हणे, "खाऱ्या पाण्यात टीडीएस दिसणारच की!" कॅन गोड्या पाण्याचा होता, आणि समुद्राच्या खारटपणाला आकडा ३५,०००च्या आसपास जातो. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हा कॅन घेतानाच मीटर बुडवा. डीआय रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं आणि मीटरला ते नीट कळत नाही; डायटम हटत नसतील तर सिलिकेटची वेगळी चाचणी करा. घाबरून सगळंच शून्यावरही आणू नका, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्मजीव डोकं वर काढतात, आणि ते शेवाळापेक्षा चिवट. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५च्या आसपास ठेवतो. आता पाणी घरच्या आरओ-डीआयचं आहे, पण खडकांनी शोषलेलं फॉस्फेट अजून झिरपतंय, त्यामुळे ते टिपणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे वरचेवर बदलावे लागतात.