दाबाचे मोजे, सात महिने: वरच्या पट्टीने डोकं खाल्लं

परवा डावा मोजा चढवताना टाचेपाशी टर्रकन उसवला. पाचच महिने झाले होते. रागाच्या भरात लिहायला घेतलं होतं, आता निम्मा राग उरलाय.

क्लास टू, म्हणजे मध्यम दाबाचे, गुडघ्याखालचे, बोटं उघडी असलेले. ज्यांना हे लागतात त्यांना यापुढे काही सांगायला नको. माझं कराडात किराण्याचं दुकान, सकाळी साडेसातपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यामागे उभा. डाव्या पायाला आतल्या घोट्याच्या वर डास चावला, खाजवलं, जखम झाली आणि ती चौदा महिने मुक्कामाला राहिली. बिटाडीन झालं, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं (फेस आला की बरं वाटायचं, नवी येणारी कातडीच त्याने जळते हे नंतर कळलं), अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, सासूबाईंची हळदही झाली. बाजारपेठेत सगळ्यांचं एकच निदान: शुगर. शुगर नव्हती.

कोल्हापूरच्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी जखम नंतर बघितली. आधी दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून डॉपलरने (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) दाब घेतला आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं. १.०५ आलं, म्हणजे शुद्ध रक्त पायात नीट पोचतंय. मग म्हणाले, दुखणं परतीच्या शिरांचं आहे. उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत ८०-९० मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो. चालताना पोटरी पिळली जाते आणि तो ३० च्या खाली येतो. माझ्या शिरांच्या झडपा निकामी झालेल्या, त्यामुळे वर गेलेलं रक्त परत खाली. त्यात मी चालतही नव्हतो, नुसता उभा. चार थरांचं घट्ट बँडेज, आठवड्यातून एकदा बदलायचं. मलम जवळजवळ काहीच नाही. चौदा महिन्यांची जखम ११ आठवड्यांत मिटली. ती परत उघडू नये म्हणून हे मोजे.

आता त्या पट्टीबद्दल. पहिली जोडी ३,२०० रुपयांची, संध्याकाळी दुकान बंद करून घाईत घेतली. विक्रेत्याने पायाकडे एक नजर टाकली आणि 'एल' काढून दिला. दुपारपर्यंत गुडघ्याखालची पट्टी घसरायची, मी ओढून दुमडायचो, आणि रात्री तिथे लालभडक वळ, त्याखाली पाय टम्म. दोन महिने मी कंपनीला शिव्या घातल्या. गिऱ्हाइकांनाही पाय दाखवला. बायको म्हणाली, "अहो, दुकानात लोक साबुदाणा घ्यायला येतात."

तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरने दुमडलेला मोजा बघून कपाळावर हात मारला. दुमडला की तिथला दाब दुप्पट, म्हणजे पाय दोरीने आवळल्यासारखाच. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायच्या आधी शिंप्याच्या टेपने घोटा मोजायला सांगितला: २३ सेंटीमीटर. दुकान बंद केल्यावर तोच घोटा २६. खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे मला 'एम' लागत होता. सुजलेल्या पायावर सैल मोजा घेऊन मी पट्टीला दोष देत होतो. पण विक्रेत्याला सोडणार नाही. मी काट्यावर ठेवल्याशिवाय पावशेर गूळ देत नाही, आणि हा ३,२०० चा माल नजरेने देतो!

'एम' घसरला नाही. चढवताना मात्र घाम फुटतो. युक्ती सांगतो: पायावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे, चढला की पिशवी पुढच्या उघड्या तोंडातून ओढून काढायची. खोबरेल फक्त रात्री, मोजे काढल्यावर, कारण तेलाने इलॅस्टिक मरतं.

उसवलेला घेऊन दुकानात गेलो तर म्हणे, "काका, सहा महिन्यांनी बदलायचेच असतात." हे विकताना का नाही सांगितलं? खोक्यावर आहे, मुंगीच्या अक्षरात. अर्धा तास भांडलो, काही मिळालं नाही. घरी येऊन वहीत हिशेब मांडला: पाच महिन्यांचे ३,२००, म्हणजे रोजचे एकवीस रुपये. जखम होती तेव्हा दिवसाआड ड्रेसिंगचे दीडशे जायचे. इथे राग निम्मा झाला.

शेजारच्या कापडवाल्याने उरलेली 'एल' जोडी मागितली. त्याला शुगर आहे, अंगठा काळा पडतोय. दिली नाही. घोट्याचा आणि दंडाचा तो भागाकार ०.८ च्या खाली असेल, म्हणजे पायात रक्तच कमी पोचत असेल, तर घट्ट दाबाने पाय जाऊ शकतो, आणि शुगरवाल्यांच्या धमन्या कडक झाल्या की आकडा खोटाच चांगला दिसतो. त्याला डॉक्टरांचा पत्ता दिला. गेला की नाही, माहीत नाही.

डॉक्टर शिरेवर लेसर करून घ्या म्हणत होते, मी खर्चाकडे बघून टाळत होतो. मग त्यांनी २००४ सालचा इंग्लंडमधला अभ्यास सांगितला: नुसत्या दाबावर राहिलेल्यांपैकी वर्षभरात १०० मागे २८ जणांची जखम परत उघडली, दाबासोबत शिरेची शस्त्रक्रियाही झालेल्यांत १२ जणांची. लेसर नव्हे, तेव्हाची साधी शस्त्रक्रिया, पण शीर बंद करायचं तत्त्व तेच. अठ्ठावीस आणि बारा हा फरक गल्ल्यावर बसणाऱ्याला कळतो. दिवाळीचा सीझन उरकला की तारीख घेणार.

तोपर्यंत तिसरी जोडी आणली, सकाळी माप घेऊन. हा 'त्वचेचा रंग' म्हणून जो विकतात तो आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या कातडीचा नाही. काळा मागितला, अडीचशे जास्त सांगितले. दिले नाहीत.