उघडा कट्टा की जाळीचा बंद पोर्च?

३० बाय ४० च्या जागेत घर बांधायला काढलं की बेळगावात एक वाद हमखास होतो. नकाशात दारापुढे बंद पोर्च असतो: समोर लोखंडी जाळी, खाली चकचकीत ग्रॅनाइट, आत दोन गाड्या. घरातली वडील माणसं म्हणतात, कट्टा पाहिजे. आमच्याकडे पोर्च जिंकला. नऊ वर्षं तो वापरला आणि गेल्या उन्हाळ्यात पुढचा भाग फोडून कट्टा घातला. दोन्हींत राहून झालंय, म्हणून ठरवणाऱ्यांसाठी लिहितोय.

बंद पोर्चच्या बाजूचं आधी सांगतो, कारण ती बाजू खरी आहे. गाडी भिजत नाही. सिलिंडर, सायकल, पोरांची दप्तरं बिनघोर बाहेर राहतात. गावाला जाताना एक कुलूप लावलं की झालं. भटकी कुत्री चपला पळवत नाहीत. दिवसभर घरात एकटीच बाई असेल, तर जाळीआडून बोलता येण्याचा आधार मोठा असतो, आणि त्याला कमी लेखू नये.

पण आलेल्या माणसाचं काय होतं ते पाहा. तो जाळीबाहेर रस्त्यावर उभा राहतो, बेल वाजवतो, किल्ली सापडेपर्यंत भिजतो. आत आला की गाड्यांच्या मधून अंग चोरत दारापर्यंत येतो. शेजारच्या मामी पूर्वी भाजी निवडत आमच्या पायरीवर टेकायच्या. पोर्च झाल्यावर त्यांचं येणं बंद झालं. कुणी काही बोललं नव्हतं, बसायला जागाच उरली नव्हती. कट्टा झाला आणि आठवड्याच्या आत "काय करतासा?" म्हणत त्या येऊन टेकल्या. मला तरी हा हिशेब सगळ्यांत मोठा वाटतो.

कट्टा घालायचा तर उंची १६ ते १८ इंच धरा. त्याहून उंच केला तर म्हाताऱ्या माणसांचे पाय लोंबकळतात, बुटका केला तर उठताना गुडघे धरतात. खोली दीड फूट तरी हवी. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जागा नसेल तर एकाच बाजूला करा, पण टेकायला मागं भिंत असू द्या.

वर छप्पर किती बाहेर काढायचं हे तुमचं गाव कुठं आहे त्यावर ठरतं. खानापूर, जांबोटीकडे आणि बेळगाव शहरातसुद्धा पावसाळ्यात झड पश्चिमेकडून तिरपी येते. दार पश्चिमेला असेल तर तीन फूट बाहेर काढलेलं छप्पर अपुरंच पडतं, त्या बाजूला आडोशाची भिंत किंवा जाळीदार विटांचं काम लागतं. अथणी, गोकाककडे पाऊस कमी आणि ऊन-धूळ जास्त. तिथं सावलीसाठी खोल सोपाच (ओसरीच) बरा. चिकोडी, रायबाग, अथणीत नदीकाठची गावं असतील तर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते गल्लीत विचारा आणि जोतं त्याच्या वर घ्या. सजावट नंतर.

आता खालचा दगड. आमची खरी चूक इथं झाली. पॉलिश केलेला ग्रॅनाइट दिसतो सुरेख, डाग धरत नाही, इलकलचा लाल तर फारच देखणा. पण ओल्या पायाला तो धरत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात आई दारात घसरली आणि मनगट मोडलं. शिवाय रांगोळीचं पीठ त्यावर बसत नाही, वाऱ्यानं सरकतं. शहाबादी फरशी खरबरीत असते, पाय धरते, रांगोळी धरते, स्वस्तही पडते. तिचा दोष एवढाच की तो चुनखडीचा दगड आहे: चिंच, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड पडलं की पांढरा डाग कायमचा. तेलही पिते, म्हणून पणतीखाली ताटली ठेवा. ग्रॅनाइटच हवा असेल तर पॉलिशचा न घेता भाजून खरबरीत केलेला मागा, आणि आठ फुटांना एक इंच ढाळ रस्त्याकडे द्यायला गवंड्याला उभं राहून सांगा. खानापूर भागात जांभ्याच्या चिऱ्याचा कट्टा करतात. दिसतो छान, पण बसायच्या जागी वर फरशी घाला, नाहीतर कपड्यांना लाल माती लागते.

चपलांसाठी बंद लाकडी कपाट करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत बुरशी येते, आणि कातडी चपलांची तर वाटच लागते. अथणी-निपाणीकडच्या चपला वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. कट्ट्याखालीच पोकळी ठेवून जाळीचं दार लावलं की वारा खेळतो.

बंद पोर्च की कट्टा ठरवताना सणाचे दिवसही मोजा. गणपती पाटावर घेऊन आलेला माणूस दारात थांबतो, त्याच्या पायावर दूध-पाणी घालतात, मागं चार पोरं असतात. गाड्यांच्या मधे हे जमत नाही. पाडव्याला शेणाचे पांडव कुठं मांडायचे, दिवाळीत पोरांनी किल्ला कुठं करायचा? आमच्या पोरानं सलग काही वर्षं तो गच्चीवर केला, बघायला कुणी आलं नाही.

तोरण, दिवा, खानापूरच्या मातीच्या कुंड्या, यांत फार डोकं घालू नका. आंब्याची पानं चार दिवसांत वाळतात, तरी प्लॅस्टिकच्या धुळकट तोरणापेक्षा बरी. नावाची पाटी मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, पोस्टमन आणि पाहुणा दोघांची सोय होते.

माझा कौल असा: जागा तुटपुंजी असेल तर जाळी दोन-अडीच फूट आत सरकवा आणि कट्टा जाळीच्या बाहेर, छपराखाली ठेवा. गाडी कुलपात राहते, माणूस कोरडा बसतो. दोन गाड्या आणि चारचाकीही आत पाहिजे असेल, तर मात्र हे जमणार नाही, पोर्चच करा, फक्त बाहेर एक दगडी बाक टाका.

फरशी घ्यायला जाल तेव्हा दुकानात नमुना जमिनीवर ठेवायला लावा, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि चपला काढून त्यावर उभं राहून पाहा. आईलाही बरोबर न्या.