पात्याचं पाणी न उतरवता गार्ड बसवून मिळाला, गुलालवाडीतले काका

मी भांडुपला राहते, गेली दोन वर्षं हाताने सुऱ्या बनवतेय, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं लोखंड कापून, घासून, मित्राच्या वर्कशॉपमधल्या भट्टीत पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करून. बाकी सगळं जमतं पण गार्ड बसवणं हे काम माझ्याकडून नीट होत नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गार्ड म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधला धातूचा तुकडा, हात ओला असला किंवा जोर लावताना घसरला तरी बोटं धारेवर जाऊ नयेत म्हणून असतो. ही सुरी मामांसाठी होती, त्यांची कोकणात वाडी आहे, फणस सोलताना चिकाने हात किती घसरतो ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे गार्ड हवाच होता.

आधी एका वेल्डिंगवाल्याकडे दिलं होतं आणि ते आठवलं की अजून वाईट वाटतं. त्याने सरळ पितळेच्या रॉडने ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळ वितळवून जोड दिला. तो रॉड वितळतो 900 डिग्रीच्या आसपास आणि माझं पातं मी घरच्या ओटीजीमध्ये 200 डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवून टेंपर केलेलं, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा जावा म्हणून परत हलकं तापवलेलं. परत मिळालं तेव्हा गार्डपासून दोन बोटं पुढेपर्यंत पातं निळं पडलेलं. लोखंड साधारण 300 डिग्रीला निळं दिसायला लागतं, म्हणजे पाणी उतरलंच, कडकपणा गेला. कानस लावून बघितली तर लोण्यासारखी घुसली. महिन्याभराची मेहनत होती हो ती.

मग एकाने गुलालवाडीतल्या या काकांचं सांगितलं. मस्जिद स्टेशनला उतरून चालत गेले, धातूच्या दुकानांच्या मागे अगदी छोटा गाळा आहे. नाव-नंबर टाकू नको म्हणालेत, एकटेच काम करतात आणि गर्दी झेपत नाही, म्हणून टाकत नाही. नवीन पातं हातात घेतल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, टेंपर किती डिग्रीला केलंय?" तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी मला बसवून घेतलं आणि सगळं समोर केलं. 6 मिलीमीटरची पितळेची पट्टी घेतली, एका रेषेत तीन बारीक भोकं पाडली, मधलं सगळं छोट्या कानशीने काढून खाच केली. मुद्दाम कमी काढतात, टँगवर, म्हणजे पात्याचं जे शेपूट मुठीत जातं त्यावर, बसवून बघतात, काढतात, परत दोन हात कानस मारतात. कुठे घासायचं ते कळायला टँगला दिव्याची काजळी लावली, गार्ड सरकवला की जिथे अडतो तिथे काळा डाग उमटतो, फक्त तेवढंच घासायचं. असं मी मोजलं नाही पण पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. टँग जिथे सुरू होतो तिथले दोन खांदे पण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हते, माझी चूक, ते पण सरळ करून दिले. शेवटी ट्यूबलाइटसमोर धरून दाखवलं, फटीतून उजेड अजिबात येत नव्हता. फट असेल तर सोल्डर, म्हणजे कमी उष्णतेत वितळणारा जोडधातू, भरून ती लपवता येते पण मग सांधा कमजोर राहतो, असं त्यांचं म्हणणं, आणि मला पटलं.

सोल्डर कथील-चांदीचं, 221 डिग्रीला वितळणारं. टँग व्हाइसमध्ये, टोक वर, पात्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि ज्योत फक्त गार्डच्या खालून. तार मात्र वरच्या बाजूने सांध्याला टेकवली. जिकडे उष्णता तिकडे सोल्डर जातं त्यामुळे ते फटीतून आपोआप खाली ओढलं गेलं, वर केसाएवढी चकचकीत रेघ राहिली फक्त, ते बघताना मी श्वास धरून बसले होते. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, कारण सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात त्या फ्लक्समध्ये आम्ल असतं आणि मुंबईच्या हवेत ते राहिलं तर सकाळपर्यंत गंज दिसतो.

पैसे 650 घेतले, एवढ्या कामाला मला जास्त वाटले नाहीत. तक्रार म्हणाल तर दोन: मंगळवारी या म्हणाले आणि गेले तर गाळा बंद, शनिवारी परत खेप घालावी लागली. आणि डाव्या बाजूला सोल्डरचा एक थेंब राहिला होता, तो मी घरी येऊन पितळेच्या तुकड्याने खरवडून काढला, पात्यावर ओरखडा न येता निघाला.

धार मी घरी कानशीने तपासली, गार्डला लागून पण कानस घसरते, म्हणजे पाणी शाबूत आहे. कोणाला जायचं असेल तर मूठ बसवायच्या आधी जा, धारेला टेप गुंडाळून न्या आणि टेंपरचा आकडा लक्षात ठेवून जा, काका विचारणारच. माझी शिसवाची मूठ घासायची बाकी आहे, मामा पुढच्या आठवड्यात येतायत.