बुगालूची मूळ एलपी घ्यावी की रीइश्यू? काही महिने वाजवल्यानंतरचं मत

साठच्या दशकातल्या लॅटिन सोलच्या रेकॉर्डची किंमत कव्हर आणि लेबल पाहून ठरते. आवाज मात्र तिच्या पहिल्या मालकाने किती पार्ट्या केल्या त्यावर ठरतो. हा माल घरी बसून ऐकायला छापलेलाच नव्हता. १९६६ ते १९६९ या चारेक वर्षांत न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम आणि साउथ ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन पोरांनी चा-चा-चाची लय, पियानोचा मॉन्टुनो, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, आणि आर अँड बीची दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरची टाळी एकत्र आणली, वर इंग्रजी-स्पॅनिश मिसळून गायलं, आणि बुगालू झालं. ते वाजलं ज्यूकबॉक्सवर आणि घरगुती नाचांत, एकावर एक रेकॉर्ड पडणाऱ्या चेंजरवर, ५ ग्रॅम किंवा त्याहून जड भार टाकणाऱ्या सिरॅमिक कार्ट्रिजखाली, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाखाली. म्हणून ‘व्हीजी प्लस’ (व्हेरी गुड प्लस) ही विक्रेत्याने दिलेली दर्जाची ग्रेड वाचून पैसे पाठवायचे असतील तर थांबा.

ग्रेड बहुतेक वेळा दिव्याखाली धरून, डोळ्यांनी दिलेली असते. ओरखडा डोळ्यांना दिसतो, चराची झीज दिसत नाही. वर चकचकीत असलेली तबकडी वाजवली की कोरस आणि टाळ्या फाटलेल्या येतात. आधी फाटतात त्या टाळ्या, मग काउबेल, मग ट्रॉम्बोनचे वरचे सूर. विक्रेत्याला ‘वाजवून पाहिलीत का’ एवढंच विचारून भागत नाही. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवा. आतल्या चरांत तेवढ्याच सेकंदांचा आवाज कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे झीज तिथे लवकर ऐकू येते. दुसरा तुकडा मागवायचा तो त्या एलपीतल्या गाजलेल्या गाण्याचा, कारण सुई सगळ्यात जास्त वेळा तिथेच ठेवलेली असते. स्लो बॅलड्स सहसा चांगल्या राहिल्यात, पण त्यांच्यात प्रत्येक टिचकी उघडी पडते. नाचाच्या गाण्यांत ग्विरो ही खरखरच वाद्य म्हणून वाजत असते, तिच्या आड रेकॉर्डची खरखर बेमालूम लपते. नवख्यांनी ग्विरो नसलेल्या गाण्यावरून निकाल द्यावा.

एवढं करूनही झिजलेली प्रत आलीच, तर सुई बदलून पाहण्याचा फायदा आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. १९६८च्या आसपासपर्यंतच्या मोनो एलपीसाठी १ मिलची, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनची गोल सुई बसते. नेहमीची बारीक एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई चराच्या ज्या पट्ट्यावर टेकते, त्यापेक्षा ती थोडी वर टेकते, आणि तो भाग कधीकधी जुन्या सुयांनी खाल्लेला नसतो. कधीकधीच. हमखास उपाय म्हणून कोणी सांगत असेल तर ऐकू नका. ॲम्प्लिफायरवरचं मोनो बटण मात्र फुकट आहे आणि दर वेळी उपयोगी पडतं. मोनो चरात संगीत फक्त आडवं कोरलेलं असतं. धूळ आणि ओरखड्यांमुळे सुई उभीही हलते, आणि दोन्ही चॅनेल एकत्र केले की ही उभी हालचाल कटते. खरखर निम्मी झाल्यासारखी वाटते. स्टिरिओ प्रत मुद्दाम शोधण्यात अर्थ नाही असंही आमचं मत झालंय. त्या काळच्या बऱ्याच मिक्समध्ये तालवाद्यं एका कानात आणि पियानो दुसऱ्यात असतो. मोनोत बँड एका खोलीत वाजतो.

४५ आरपीएमच्या सिंगल्सचं प्रकरण वेगळं आहे. त्यांतल्या पुष्कळ विनाइलच्या नसून स्टायरिनच्या आहेत. कडेवर नखाने टिचकी मारा: विनाइल बोदा वाजतं, स्टायरिन टणक आणि उंच आवाज देतं. स्टायरिनवर लेबल नंतर चिकटवलेलं असतं, तबकडी वाकत नाही, मधल्या भोकाशी तडा जाऊ शकतो, आणि चुकीच्या सुईने चर फार लवकर पांढरट होतात. तिच्यावर गोल सुईच लावा आणि बॅक-क्यू करू नका, म्हणजे सुई खाली असताना तबकडी हाताने मागे फिरवू नका. डीजेने पुढेमागे घासलेली सिंगल असेल तर सुरुवातीचे दोन-तीन सेकंद फसफसतात, ते कशानेही धुतलं जात नाही. सगळ्यात महाग सिंगल्स ‘स्पीड’सारख्या छोट्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, आणि बनावट छपाईही त्यांचीच जास्त. शेवटच्या गाण्यानंतरच्या मोकळ्या कडेत कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक, तबकडीवरच्या लेबलशी जुळतो का ते बघा. भिंगाखाली लेबलवरची बारीक अक्षरं ठिपक्यांची दिसली, तर ते खऱ्या लेबलचा फोटो काढून छापलेलं असण्याची शक्यता मोठी.

मॅट्रिक्स जुळला म्हणजे पहिली छपाई हाती आली, असंही नाही. टिको आणि ॲलेग्रे ही लेबलं त्या काळी रूलेट या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली होती. पुढे सत्तरच्या दशकात ती आणि कोटीक हे लेबल न्यूयॉर्कच्या फानिया कंपनीकडे गेली, आणि तीच एलपी, कधी त्याच मॅट्रिक्सने, पुन्हा बाजारात आली. तेव्हा मागच्या कव्हरवर तळाला छापलेला कंपनीचा पत्ता आणि लेबलची रचना दोन्ही बघा, आणि खात्रीच्या प्रतींच्या फोटोंशी ताडून पाहा. कव्हर पहिलं आणि आतली तबकडी दुसरी, असे जोड सर्रास मिळतात. खुद्द फानियाचे कॅटलॉग क्रमांक लक्षात ठेवायला सोपे आहेत. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४मध्ये काढलेल्या या कंपनीत विली कोलोनची पहिली एलपी ३३७, जो बतानची पहिली ३४०, रे बारेट्टोची ‘ॲसिड’ ३४६. म्हणजे बुगालूचा भर ओसरेपर्यंतचा सगळा ऐवज एका फळीवर मावतो.

सत्तरच्या दशकातल्या फेरछपाया आम्ही आता घेत नाही. तबकड्या पातळ, वाकलेल्या, आणि गाणं सुरू होण्याआधीच मागे सतत सूंऽऽ. कोलंबियातल्या छपाया याहून बऱ्या निघाल्या, पण तिथल्या काली शहरातून आलेली प्रत जपून घ्या. कालीच्या नाचघरांत ३३ आरपीएमची एलपी ४५च्या वेगाने वाजवायची रीत होती, पाय त्या वेगाला सरावलेले. ऐकायला धमाल, पण अशी प्रत आपल्या हातात येईपर्यंत भरपूर नाचून आलेली असते.

मग रीइश्यू? फानियाचा साठा २०१८मध्ये कॉनकॉर्ड या संगीत कंपनीकडे गेला आणि क्राफ्ट लॅटिनोच्या नावाने मूळ टेपवरून कापलेल्या १८० ग्रॅमच्या प्रती निघू लागल्या. माद्रिदचं व्हॅम्पिसोल हे लेबल त्याआधीपासून कमी मिळणाऱ्या एलपी काढतंय. काही महिने आलटूनपालटून वाजवल्यावर रीइश्यूचा बास जास्त खोल आणि पार्श्वभूमी शांत वाटली. मूळ प्रतीत गळा आणि टाळ्या पुढे येतात, खोलीतला गोंगाट अंगावर येतो. चांगली मूळ मोनो प्रत चांगल्या रीइश्यूला हरवते. मधल्या दर्जाची मूळ प्रत हरते, आणि बाजारात बहुतेक मूळ प्रती मधल्याच दर्जाच्या आहेत. आमचा नियम ठरला तो असा: एलपी रीइश्यू, सिंगल मूळ. सिंगल ज्यूकबॉक्ससाठी जोरात कापलेली, म्हणजे मोठ्या आवाजात चर कोरलेली, असते आणि तो मार रीइश्यूत सापडत नाही.

धुण्यासाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो डेव्हलपिंगमधल्या वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी नीट पसरवणाऱ्या साबणासारख्या द्रवाचे, चार-पाच थेंब. मुंबईत अल्कोहोल प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं. बॅटरीचं पाणी वापरू नका. ब्रश चराच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, कारण साबणाचा अंश राहिला की तोच सुईवर चिकटा होऊन बसतो. स्टायरिनला अल्कोहोल लावत नाही, नुसतं पाणी आणि वेटिंग एजंट. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही, ६०च्या दशकातल्या छपाईचा रंग उतरतो.

कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर खरा शत्रू पाऊस आहे. त्या काळची अमेरिकन कव्हरं म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, जुलैत त्याला बुरशी धरायला दोन आठवडे पुरतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील इतपत सिलिका जेल ठेवा आणि ते तापवून पुन्हा पुन्हा वापरा. पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटं दिसायला छान, पण उकाड्यात ती तबकडीवर धुरकट डाग पाडतात. बाहेर पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट, आत एचडीपीई या प्लास्टिकचं.

मागवताना तबकडी कव्हरच्या बाहेर, आतल्या पाकिटात वेगळी ठेवून पाठवा असं विक्रेत्याला लेखी सांगा. आत राहिली तर वाटेत आपटून कव्हरची शिवण फाटते आणि किंमत तिथेच घसरते. भारतात सीमाशुल्क रेकॉर्डची किंमत अधिक शिपिंग अशा बेरजेवर धरतात, त्यामुळे एकेक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घेणं परवडतं. न्यूयॉर्कला कोणी ओळखीचं जाणार असेल तर साउथ ब्राँक्सच्या प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरचं कासा अमादेओ सांगून ठेवा. १९४१पासूनचं दुकान आहे. जाणाऱ्याबरोबर मॅट्रिक्स नंबर आणि मागच्या कव्हरवरच्या पत्त्यांची यादी द्या, नुसती नावं नकोत, नाहीतर सत्तरच्या दशकातली सूंऽऽवाली प्रत घरी येईल.