समुद्री स्पंजावर थीसिस: कच्चा अर्क, सायटॅराबीन की एरिब्युलिन?

नागपुरात एम.फार्म. करणाऱ्यानं समुद्री स्पंजातली कॅन्सरविरोधी द्रव्यं हा विषय घेतला की टोमणा ठरलेला: "अंबाझरी तलावात सापडतो का बे तो?" समुद्र लांब आहे ही अडचण नाहीच. हातात माल किती येतो, ही खरी अडचण. विषय त्यावरून ठरवा. वाटा तीन: स्पंजाचा कच्चा अर्क, किंवा स्पंजातल्या रेणूंवरून घडलेली सायटॅराबीन आणि एरिब्युलिन ही कॅन्सरची दोन औषधं.

बहुतेकांचं मन आधी कच्च्या अर्काकडे धावतं. रत्नागिरीहून किंवा तमिळनाडूतल्या मंडपमहून स्पंज आणायचा, मिथेनॉलमध्ये भिजवायचा, रोटाव्हेपवर आटवायचा आणि कॅन्सर पेशींवर एमटीटी, म्हणजे किती पेशी जगल्या हे रंगावरून सांगणारी चाचणी, लावायची. सिनॉप्सिसमध्ये हे झकास दिसतं. पण स्पंजाची जात रंगरूपावरून कळत नाही. तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून मागे उरलेले स्पिक्यूल, म्हणजे सुईसारखे बारीक काटे, मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, आणि ते वाचता येणारा जाणकार शोधावा लागतो. त्यात कित्येक रेणू स्पंज स्वतः बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात. त्यामुळे दुसऱ्या किनाऱ्यावरून आणलेल्या त्याच जातीत तो रेणू असेलच असं नाही. संकलनाची परवानगी आणि तिची कागदपत्रं हा आणखी वेगळा व्याप.

आता मालाचा हिशेब. हॅलिकॉन्ड्रिन बी हा कॅन्सरविरोधी रेणू जपानी शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई या स्पंजातून वेगळा काढला. ६०० किलो स्पंजातून निघाले १२.५ मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलच्या ५०० च्या गोळीचे चाळीस भाग करा, त्यातला एक. तुमच्या बाटलीत स्पंज असेल दोनशे ग्रॅम! गाइडकडे ओळख पटलेला नमुना आधीपासून पडून असेल तरच या वाटेला जा.

सायटॅराबीनची गोष्ट वेगळी. १९५०च्या सुमारास बर्गमन आणि फीनी यांना कॅरिबियन स्पंजात स्पंजोथायमिडिन आणि स्पंजोयुरिडिन सापडली. नेहमीच्या न्यूक्लिओसाइडमध्ये, म्हणजे डीएनए-आरएनएच्या घटकात, असते त्या साखरेच्या जागी यांत अरॅबिनोज ही वेगळी साखर. त्या रचनेवरून प्रयोगशाळेत सायटॅराबीन घडलं, १९५९ मध्ये, आणि १९६९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. ल्युकेमियात, विशेषतः एएमएल या झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकारात, ते आजही पहिल्या फळीत आहे. पेशी डीएनएची नक्कल करत असताना हा रेणू साखळीत शिरतो आणि ती पुढे वाढू देत नाही. म्हणजे स्पंजानं फक्त रचनेची कल्पना दिली, औषध माणसानं बनवलं. व्हायवात हे नीट सांगता आलं पाहिजे.

थीसिससाठी याची खरी जमेची बाजू वेगळीच. रेणू लहान आहे, पाण्यात विरघळतो, शुद्ध नमुना भारतीय उत्पादकांकडून मागवता येतो, आणि २७०–२८० नॅनोमीटरच्या आसपास यूव्ही प्रकाशात स्वच्छ दिसतो, म्हणजे साध्या एचपीएलसीवर (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) काम भागतं. शिवाय त्याचा दोषच तुम्हाला विषय पुरवतो: शरीरातलं सायटिडिन डिअमिनेज हे एन्झाइम त्याला झपाट्यानं निकामी करतं. म्हणून लायपोसोम (औषध भरलेले चरबीचे सूक्ष्म फुगे), नॅनोकण, प्रोड्रग (शरीरात गेल्यावर औषधात बदलणारं रूप), काय हवं ते करून बघा. डॉनोरुबिसिन या दुसऱ्या केमो औषधासोबतचं त्याचं लायपोसोम २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा ही दिशा कागदावरची नाही. एचएल-६० सारख्या ल्युकेमियाच्या पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडे मिळतात का ते आधी विचारा. आणि हे केमोचं औषध आहे. वजन करताना हातमोजे आणि बायोसेफ्टी कॅबिनेट, उघड्या टेबलावर नाही.

एरिब्युलिन वाचायला सर्वांत रंगतदार. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटानं १९९२ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी पूर्णपणे संश्लेषित केलं; पुढे त्यातला निम्माच भाग पुरतो हे लक्षात आलं आणि एसाय कंपनीचं एरिब्युलिन २०१० मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ७६२ रुग्णांच्या एम्ब्रेस चाचणीत मध्यक आयुष्य इतर उपचारांवरच्या १०.६ महिन्यांवरून १३.१ महिन्यांवर गेलं. अडीच महिने. थोडे वाटतील, पण त्या रुग्णांवर आधीच बरेच उपचार होऊन गेले होते.

पण प्रयोगाला? १९ कायरल केंद्रं (म्हणजे अणूंची डावी-उजवी मांडणी अचूक साधावी लागणाऱ्या जागा), महाग नमुना, आणि रेणूत एकही अ‍ॅरोमॅटिक कडं नाही, त्यामुळे यूव्हीत धड दिसत नाही. एलसी-एमएस (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) हाताशी नसेल तर नाद सोडा. सेमिनार किंवा रिव्ह्यू पेपर असेल तर मात्र डोळे झाकून हेच घ्या.

डिस्कोडर्मोलाइड या स्पंजातल्याच आणखी एका रेणूचं नाव कुणीतरी सुचवेलच. नोव्हार्टिसनं मेहनतीनं ६० ग्रॅम संश्लेषित केलं आणि पहिल्या टप्प्यातच फुप्फुसांवरच्या दुष्परिणामांमुळे काम थांबलं. डॉकिंगपुरतं, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसतो हे कंप्युटरवर बघण्यापुरतं, ठीक.

माझं मत विचाराल तर प्रयोगाच्या थीसिससाठी सायटॅराबीन, त्यातही फॉर्म्युलेशन. "यात नवीन काय?" असं समितीत कुणी विचारलं तर डिअमिनेजची अडचण पुढे ठेवा. आणि ट्रॅबेक्टेडिन हे कॅन्सरचं औषध स्पंजाच्या तक्त्यात घालू नका. ते असिडियन या वेगळ्याच समुद्री प्राण्यातून आलंय, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.